पडद्यावरचा गुडघा

त्या काळात मी दिवसभर गुडघेच बघत होते. सुरतेतल्या ज्या तपासणी केंद्रात मी टेक्निशियन आहे, तिथल्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी गुडघ्याच्या रचनेचा अभ्यास हाती घेतला होता. सीटी आणि एमआरआयमध्ये शरीराचे पातळ पातळ काप दिसतात. ते काप एकावर एक रचून संगणकावर अख्खा गुडघा उभा करायचं काम माझ्याकडे होतं. हाडाची कड आखायची, गादीची आखायची, लिगामेंटची आखायची, मागून जाणारी धमनी लाल रंगवायची. मग माऊस फिरवला की काळ्या पडद्यावर गुडघा सावकाश वळायचा. वाटी बाजूला काढून आत डोकावता यायचं. मला ते काम मनापासून आवडायचं. घरी भाकरी थापतानाही डोळ्यांसमोर गुडघेच फिरायचे.

माझं माहेर नवागामचं. वडील, आबा, कापडाच्या लूमवर राबून गेले. मी लग्न होऊन गोडादऱ्याला आले आणि माय आणि माझा धाकटा भाऊ जुन्या खोलीतच राहिले. भाऊ हजीऱ्याच्या एका कारखान्यात फिटर होता. मोटरसायकलवर जायचा-यायचा. दांडगा गडी, गणपतीत ढोल त्याच्याच गळ्यात असायचा.

एका रात्री त्याचा फोन आला. "ताई, गाडी घसरली. पाय अडकून उलटा वाकला जरा. दवाखान्यात एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे. मुका मार आहे म्हणाले. पट्टा बांधून घरी पाठवलंय."

"दुखतंय का?"

"दुखणारच ना. तू येऊ नको आता, सकाळी ये."

सकाळी कामावर जाता जाता मी नवागामला उतरले. माय त्याच्या पायाशी बसून तव्यावर गरम केलेल्या फडक्यानं तळवा शेकत होती. मला बघून म्हणाली, "पाय थंडा पडी गया, म्हणीसन शेकस."

मी हात लावला. तो पाय नुसता थंड नव्हता. दुसऱ्या पायाशेजारी तो कुणा परक्याचा वाटत होता, मेणासारखा पिवळट. अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं, त्यात रंग परत आला नाही. घोट्यापाशी नाडी शोधली. सापडेना. बोटं बदलून पुन्हा शोधली.

"बोटं हलव रे."

तो स्वतःच्या पायाकडे बघत राहिला. कपाळावर आठ्या आल्या, पण बोटं हलली नाहीत. "झोपलाय वाटतं पाय," तो म्हणाला.

गुडघ्यामागची ती लाल धमनी मी रोज रंगवत होते. ती हाडाला अगदी खेटून जाते आणि वर-खाली दोन्हीकडे जखडलेली असते. गुडघा सांध्यातून निसटला, तर तिला सरकायला जागाच नसते, ती फाटते. कधी कधी निसटलेला गुडघा आपला आपण जागेवर बसतो. मग एक्स-रे साफ येतो आणि आत रक्त थांबलेलं असतं.

"माय, शेकू नको. रिक्षा बोलाव."

शेजाऱ्यांनी त्याला उचलून रिक्षात घातलं. डिंडोलीच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. भाऊ मायच्या मांडीवर डोकं टेकून होता, त्याचा पाय माझ्या मांडीवर होता आणि मी हात त्याच्या पावलावर धरला होता, जसं काही माझ्या हाताची ऊब आत जाणार होती.

मोठ्या इस्पितळातल्या तरुण डॉक्टरांनी रात्रीचा एक्स-रे उजेडात धरला. "फ्रॅक्चर नाही. सूज आहे. पट्टा ढिला करतो, थोडी वाट बघा."

"सर, नाडी लागत नाही. सीटी अँजिओ करा ना, रक्त कुठं थांबलंय ते दिसेल."

"बेन, तुम्ही बाहेर बसा. तपासू दे आम्हाला."

मी बसले नाही. हात जोडले, त्यांच्या टेबलाला धरून उभी राहिले, रडले. लोक बघत होते. शेवटी मॅडमना फोन लावला. त्यांनी त्या डॉक्टरांना फोनवर काय सांगितलं, मला ऐकू आलं नाही, पण डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते धावत भावाच्या खाटेपाशी गेले आणि स्वतः नाडी बघायला वाकले. इस्पितळाचं सीटी मशीन बंद होतं, म्हणून रुग्णवाहिकेतून भावाला आमच्या केंद्रात आणलं.

मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला बसवू का?"

"नको. मीच करते."

काचेपलीकडे भाऊ टेबलावर आडवा होता. माझ्याकडे बघून त्यानं हात वर केला. रक्तवाहिन्या दाखवणारा डाय शिरेत गेला, टेबल आत सरकलं, काप येऊ लागले. मी ते रचले. मांडीचं हाड उभं राहिलं, नडगी उभी राहिली, वाटी आपल्या जागी. सुंदर गुडघा होता. मी तो मागच्या बाजूनं वळवला. मांडीतून धमनी जाडजूड, झळझळीत खाली येत होती आणि गुडघ्यामागे संपत होती. तिच्या पुढे काही नव्हतं. पोटरीत एक-दोन केसासारखे धागे, बस्स. मी पुन्हा वळवला. मग पुन्हा. कुठल्या तरी कोनातून ती पुढे गेलेली दिसेल असं मला वाटत होतं. मॅडमनी माझ्या हातातून माऊस काढून घेतला.

दुपारीच ऑपरेशन झालं. रक्तवाहिन्यांच्या सर्जननी दुसऱ्या पायातली शीर काढून तुटलेल्या जागी जोडली. बाहेर येऊन म्हणाले, "रक्त चालू झालंय. पण फार वेळ गेला होता. स्नायू किती जगलेत, ते आता सांगता येत नाही."

मायनं त्यातलं पहिलंच वाक्य ऐकलं. आयसीयूत तिला आत सोडलं तेव्हा तिनं पावलाला हात लावला आणि माझ्याकडे वळून हसली. "गरम शे," ती म्हणाली. खरंच गरम होता. मीही हसले.

पण पोटरी काळी पडत गेली. ड्रेसिंग बदलताना वास येऊ लागला. ताप उतरेना, लघवी कमी झाली. मेलेल्या स्नायूंचं विष रक्तात जातंय, असं सर्जन म्हणाले. पाय ठेवला तर जीव जाईल. मी त्यांना विचारलं, गुडघ्याखालून कापता येईल का? गुडघा वाचला तर चालणं सोपं जातं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तुमच्या मॅडमनी नवी इमेज पाठवलीय. बघा हवी तर." मी बघितली नाही.

भावाला हे सांगायला ते आत आले, तेव्हा त्यानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझा हात धरला.

"ताई, तू आतून बघितलंय ना सगळं? तू सांग. कापू देऊ?"

माय दारात उभी होती. तोंडात पदर कोंबून.

"हो," मी म्हटलं.

"पाय वाचेल म्हणून एकदा तरी म्हण ना."

"नाही वाचणार रे, भाऊ."

त्यानं माझा हात सोडला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

पाय मांडीतून कापावा लागला. घरी आल्यावर तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. मी डबा घेऊन जायची, तो पाठ करून पडलेला असायचा. माय ताट पुढे ठेवायची, तसंच उचलायची. ढोल तिनं शेजारच्यांना देऊन टाकला. मी कामावर जायची, पण गुडघ्याचा अभ्यास मी मॅडमकडे परत दिला होता. फक्त डोक्यांचे आणि छातीचे स्कॅन काढायची.

मग मॅडमनी एकदा दबकत विचारलं. त्याची इमेज नाव काढून अभ्यासात घेता येईल का? शिकणाऱ्या डॉक्टरांना दाखवायला. मी निरोप नेला. वाटलं, शिवी हासडेल. पण तो म्हणाला, "आधी मला दाखव."

कुबड्या घेऊन तो केंद्रात आला. मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि त्याचा गुडघा पडद्यावर उघडला. माऊस त्याच्या हातात दिला. त्यानं तो इकडे वळवला, तिकडे वळवला.

"हा माझा?"

"हो."

"हाड तर चांगलंच आहे."

"चांगलंच होतं."

"आणि हे लाल संपतंय, ते इथं?"

"इथं."

त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. काचेवर त्याच्या बोटाचा ठसा उमटला. "त्या रात्री कुणी हात लावून बघितलं असतं तर?"

त्याला उत्तर माहीत होतं.

"घेऊ दे त्यांना," तो म्हणाला. "मायला दाखवू नको फक्त."

रिक्षानं त्याला घरी सोडायला निघाले. नवागामच्या वळणावर रिक्षा थांबली आणि तो सवयीनं नसलेला पाय पुढे टाकून उतरायला गेला. मी त्याला कसंबसं सावरलं. त्याचं सगळं ओझं माझ्या खांद्यावर आलं, एक कुबडी रस्त्यात पडली. त्यानं दोन्ही हातांनी माझी मान धरली आणि अपघातानंतर पहिल्यांदाच रडला, मोठ्यानं, लहान मुलासारखा. भाजीवाली उठून उभी राहिली. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. मी त्याला धरून तशीच भर रस्त्यात उभी राहिले.