येतो म्हणा, बाबा

बायकोला सांगितलं नाही. ती गेली, तिच्या फोटोपुढंही सांगितलं नाही. लेकाला सांगायचं म्हणून एकदा इचोड्याच्या बसस्टँडवर चहा घेऊन बसलो — आणि पावसापाण्याचं बोलून उठलो. तुम्ही माझ्या ओळखीचे नाहीत, म्हणून तुम्हाला सांगून राह्यलो. की हेही खरं नाही? मला माझंच पुरतं कळत नाही आता.

चौथी शिकलेला माणूस आहे मी. लिहिण्यात चुकलं तर चुकलं, कोणाकडून तपासून घेणार नाही. जन्मात कधी घेतलं नाही — त्यातच सगळं आलं म्हणा.

तेव्हा आमचा जिल्हा आंध्र प्रदेशात होता. मी एका सरकारी दवाखान्यात अटेंडर होतो. गावाचं नाव लिहीत नाही. रांग लावायची, चिठ्ठ्या द्यायच्या, फिनाईल टाकायचं. डॉक्टरपासून झाडूवालीपर्यंत सगळे मला "ए अटेंडर" म्हणत. मग दर गुरुवारी एक मॅडम यायला लागल्या, गुंटूरकडच्या. त्यांच्याजवळ सुई नाही, गोळी नाही. मनानं खचलेल्या माणसाला समोर बसवायचं अन् बोलतं करायचं, एवढंच काम. आम्ही मागं हसायचो. बोलून कोणी बरं होते काय?

मॅडमला तेलुगू यायची, हिंदी मोडकीतोडकी. आणि नार्नूरकडून येणारी माणसं मराठी बोलणारी, नाही तर गोंडी. मला घरची मराठी, बाजाराची तेलुगू, गोंडी कामापुरती. म्हणून मला त्यांच्या बाजूला खुर्ची मिळाली. अटेंडरला खुर्ची! आणि त्या मला "किशनरावगारू" म्हणायच्या. तिकडं मानाच्या माणसाला गारू लावतात. पंचेचाळीस वर्षांत मला कोणी लावलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "मी बोलेन ते जसंच्या तसं सांगायचं. गाळायचं नाही, घालायचं नाही." मी मान हलवली.

आता येतो मुद्द्यावर. येतो म्हणतो अन् पुन्हा बाजूला सरकतो — पण येतो.

मॅडमचा एक सवाल होता. तो त्या प्रत्येकाला विचारायच्या, हळू आवाजात, डोळ्यांत पाहून. 'मरून जावं असं मनात येतं का?' त्यांच्या शिक्षणात तसंच होतं — विचारल्यानं कोणी मरत नाही, उलट मन मोकळं होतं, असं त्या सांगायच्या.

पण मी कसं विचारू? आमच्या घरी बांगडी फुटली म्हणत नव्हते, वाढवली म्हणत. शेतात निघताना चुकून 'जातो' म्हटलं की माय तोंडावर हात ठेवायची — येतो म्हण! त्या तोंडानं मी परक्या, दुखणाईत माणसाला मरणाचं विचारू?

मी विचारायचो, "जेवण जाते ना बरोबर?" तो म्हणायचा, जाते. मी मॅडमला तेलुगूत सांगायचो — नाही म्हणतो, तसलं काही मनात येत नाही. मॅडम रजिस्टरात लिहायच्या.

असं किती जणांचं केलं? मोजलं नाही. पहिल्या गुरुवारपासून केलं.

एकदा रस्ते चिखलानं बंद होते, कोणी आलं नाही. मॅडम म्हणाल्या, "किशनरावगारू, मी असं सरळ विचारते ते इथल्या लोकांना चालतं का? तुमच्यात दुःख कसं बोलतात? मला शिकवा." एवढी शिकलेली बाई चौथीवाल्याला म्हणते, शिकवा! सांगता आलं असतं. आमच्यात आडून विचारतात, मॅडम — औंदा पेरणीले हाओ ना, नातवाच्या लग्नात नाचता ना — अन् माणूस काय म्हणतो, काय म्हणत नाही, त्यावरून समजतात. एवढंच तर सांगायचं होतं. पण मग हेही कबूल करावं लागलं असतं, की तुमचा सवाल मी कोणापर्यंत पोचवलाच नाही.

मी म्हणालो, "चालतं मॅडम. तुम्ही विचारा. मी आहे ना."

मग सोनेराव आला. साठीच्या पुढचा. प्रधान जातीचा. हे लोक गोंडांच्या घरी मयत झाली की किंगरी वाजवून गातात, मेलेल्याला त्याच्या पूर्वजांत पोचवतात. घरी मराठी बोलतात. त्याचा एकुलता लेक तापानं गेला होता. पोरीनं त्याला आणलं अन् बाहेर बाकावर बसली.

"कितीक मेलेल्यांले मी गाऊन वाटेले लावलं, भाऊ," तो म्हणाला. "पोराच्या वक्ताले गळ्यातून आवाजच नाई निघाला. मंग तो गेला तरी कुठं?"

हे मी मॅडमला नीट सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी सवाल केला.

मी म्हणालो, "जेवण जाते ना, बाबा?"

तो माझ्याकडं पाहत राह्यला. हसला जरासा. "काय पुसून राह्यला भाऊ तू? बाई एवढं लंबं बोलली, अन् तू जेवणाचं पुसतं? तिनं जेवणाचंच पुसलं काय?"

"हौ. जेवणाचंच."

"पोरगी चारते तं जेवतो." मग म्हणाला, "किंगरी जावयाले देऊन टाकली. मले काय कराची आता?"

प्रधान माणूस किंगरी उशाशी घेऊन झोपतो, हे मला ठाऊक होतं. माझं लहानपण त्यांच्या शेजारच्या गावात गेलं. मला समजलं — अर्धं समजलं, की पुरतं? ते मला अजून ठरवता येत नाही. मॅडमला मी सांगितलं, "वय झालं, वाजवणं सोडलं म्हणतो. मरणाचं मनात नाही." मॅडम म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी या.

तो उठला. दारात थांबून म्हणाला, "जातो, भाऊ."

"येतो म्हणा, बाबा," मी म्हणालो.

त्यानं मागं वळून पाहिलं. "बरं. येतो."

मंगळवारी त्यानं आपल्या हातानं जीव दिला.

गुरुवारी पोरगी एकटी आली. सांगून गेली, रडली नाही. मॅडमनं रजिस्टर उघडलं, त्या पानावर बोट ठेवलं. "तुम्ही विचारलं होतं ना, किशनरावगारू? मी सांगितलं तसंच?"

खोलीत आम्ही दोघंच. ती बाई ओरडली नसती. मला ठाऊक होतं, ओरडली नसती.

"विचारलं, मॅडम. तसंच विचारलं."

त्यांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, "मग मलाच त्यांचा चेहरा वाचता आला नाही." अजून काही गुरुवार आल्या. तो सवाल विचारताना त्यांचा आवाज कापायचा, अन् मी बाजूला बसून जेवणाचंच विचारायचो. हो — त्यानंतरही! मग त्यांनी यायचं सोडलं. या कामाला आपणच लायक नाही, असं डॉक्टरांना सांगून गेल्या.

खरं विचारलं असतं तर तो बोलला असता काय? जगला असता काय? माहीत नाही. कधी वाटतं मायच्या शिकवणीनं तोंड धरलं, कधी वाटतं खुर्चीनं. दोन्हींचा गुंता होऊन बसला आहे, एक धागा ओढला की दुसरा आवळतो. पण "तसंच विचारलं" हे खोटं बोलायला मायनं शिकवलं नव्हतं. ते माझं एकट्याचं.

त्या माणसाला यायचं नव्हतं. त्यानं मला खरं सांगितलं होतं, आमच्याच बोलीत, दारात उभं राहून. मी त्याचा शब्द दुरुस्त केला. अन् तो, जाता जाता, माझं मन राखायला 'येतो' म्हणाला.