मंदाताईंची पायरी

मंदाताईंची नि माझी ओळख अंजनगाव सुर्जीतल्या माझ्या सुतारकामाच्या दुकानात झाली. अमरावतीच्या एका दवाखान्यातल्या या मुख्य परिचारिका हातात दोर घेऊन आल्या होत्या. दोराला गाठीच गाठी. मी विचारलं, "ताई, हे काय मोजून आणलं?"

"भाऊ, एकेक गाठ म्हणजे एकेका म्हातारीचं पाऊल किती उचलते, ते. टेबलावर चढता येत नाही म्हणून बायका तपासल्याबिगरच घरी जातात. मले त्यांच्यासाठी पायरी पाहिजे."

निवृत्ती तोंडावर आलेली असताना ताईंनी अकोल्यात शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम धरला होता. दवाखान्यातल्या वस्तू आणि सेवा रोग्याला सोयीच्या कशा घडवाव्यात, हे तिथे शिकवत. आठवडाभर ड्युटी, सुटीच्या दिवशी मूर्तिजापूरवरून अकोला. "या वयात काहून जीव काढता?" असं कोणी म्हटलं, की ताईंचं उत्तर ठरलेलं : "जन्मभर बायांले टेबलावर उचलून ठेवून राहिली. आता त्यांले सोताहून चढू द्या."

ही पायरी म्हणजेच त्यांचा शेवटचा प्रकल्प. ती चालली नाही तर दोन वर्षांचे सगळे रविवार पाण्यात.

मी मात्र हौसेनं घोळ केला. चांगलं सागवान काढलं, कडेला नक्षी, पायांना गोल वळण, वरून चकचकीत पॉलिश. दवाखान्यात पहिल्याच दिवशी रुक्माबाई नावाच्या आजी आल्या. त्यांनी चपला काढल्या, पायरीला हात लावून नमस्कार केला आणि मांडी घालून तिच्यावर बसल्या.

"आजी, बसू नका, पाय ठेवा," ताई म्हणाल्या.

"अवं बाई, चौरंगावर पाय? देव बसवतेत त्याच्यावर! माह्यानं नाही होत."

मागच्या तिघींनीही तेच केलं. सगळे हसले, ताईही हसल्या. मला मात्र कुठं तोंड लपवू असं झालं. परीक्षक यायला आठ दिवस उरले होते.

कोणी सुचवलं, दोन बाया आधीच पढवून ठेवा. ताईंनी साफ नाकारलं. "परीक्षेपुरत्या चढतील, मंग?" माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, चौरंग लय देखणा झाला. चूक माही. उंची मोजली, पण बाया पाय कशावर ठेवतात ते पाह्यलंच नाही."

मग दोन दिवस ताई खेड्यांतल्या घरांसमोर बसून राहिल्या. बाया दाराशेजारचा खांब धरून ओट्यावर चढतात, हे त्यांनी हेरलं. त्या ओट्यासारखीच रुंद, खरबरीत, बिनपॉलिशची पायरी मी केली, बाजूला धरायला खांब दिला. परीक्षकांसमोर रुक्माबाईंनी खांब धरला आणि दोन पावलांत टेबल गाठलं. "आता कसं, घरच्या ओट्यावर चढल्यावानी!"

ताई उत्तीर्ण झाल्या. अहवालात पहिलं पान त्यांनी फसलेल्या चौरंगाला दिलं, त्याच्या फोटोसकट. मुखपृष्ठावर स्वतःच्या नावाशेजारी या सुताराचं नाव लिहिलं. पुस्तकावर माझं नाव मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आता ताई साठीच्या झाल्या, म्हणूनच हा गौरव समारंभ. निवृत्त होऊनही दोर घेऊन परतवाड्यापर्यंतचे दवाखाने हिंडतात. त्यांना भरपूर आयुष्य लाभो, गुडघे असेच खणखणीत राहोत.

गौरव समितीला एकच विनंती. तो चौरंग मी जपून ठेवला आहे, समारंभाला घेऊन येतो. औक्षणाला ताईंना त्याच्यावरच बसवा. खरं तर तो त्यांच्याच मापाचा झाला होता.