दिवाणातली आगोट

आमच्या घरात डब्यातली साखर संपली की आधी बाबांना उठवावं लागतं. बाबा म्हणजे माझे सासरे. उरणात एक खोली आणि एक स्वयंपाकघर एवढंच आमचं घर. नवरा बंदरावर ट्रेलर चालवतो, मी एका गोदामाच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर पावत्या करते. सामान ठेवायला जागा म्हणाल तर एकच, बाबांच्या गादीखाली. बॉक्सचा दिवाण आहे. वर बाबा, खाली वाणसामान.

तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंचा पापडाचा बचत गट आहे, म्हणून त्यांच्याकडे घाऊक मालाच्या मोठ्या स्टोअरचं कार्ड आहे. आपल्यासारख्या घरगुती माणसाला तिथे आत घेत नाहीत. पगार झाला की आम्ही दोघी टेम्पो करून जातो. तिथे गेलं की डोकं फिरतं. सगळं मोठ्या गोणीत, मोठ्या डब्यात, आणि भाव बघितला की वाटतं, आपण कोपऱ्यावरच्या वाण्याला इतकी वर्षं उगाच पोसलं. परत आल्यावर जिन्यात बसून तेलाचा डबा निम्मा-निम्मा करायचा, साबणाच्या वड्या वाटायच्या, आणि मग कपाळाला हात लावायचा, की बाई, हे आता ठेवू कुठे?

एकदा कपडे धुवायची पावडर पोह्यांशेजारी ठेवली. संपेपर्यंत पोह्यांना तोच वास. नवरा म्हणाला, "आतून धुऊन निघालो." मला हसूही आलं नाही. पैसे वाचवायला केलेला खटाटोप, आणि खायचे ते पोहे असे. इथली खारी हवा तर अशी की मीठ पाझरतं, डाळीला बुरशी येते, तांदळात किडे होतात. कडुलिंबाचा पाला घालून घालून माझे हात कडू झाले.

बाबांना मात्र हे सगळं मनापासून आवडायचं. ते आयुष्यभर मिठागरात कामाला होते. पावसाच्या तोंडावर मिठाच्या राशी झाकून त्यांची राखण करायची, बांधावर घोंगडी टाकून तिथेच झोपायचं. पावसाआधी घरात चार महिन्यांचं सामान भरून ठेवायचं, ती आगोट. ती भरली नाही तर ते घरच नव्हे, असं त्यांचं मत. दिवाणात तांदळाची गोणी गेली की ते वर बसून तळहाताने फळी थापटायचे आणि म्हणायचे, "आता कसं घर वाटतंय."

सामान काढायचं म्हणजे एक सोहळाच. बाबा उठणार, खिडकीचा गज धरून उभे राहणार. मी गादी गुंडाळणार, फळी उचलून डोक्यावर पेलणार आणि वाकून एका हाताने चाचपडत साखर शोधणार. "डाव्या अंगाला. डाळीच्या मागं," बाबा वरून सांगणार. हवं ते नेहमी सगळ्यात खालीच असतं. ऑफिसातून मरगळून आल्यावर हे करताना मला रडू यायचं. बाबांचेही गुडघे कुरकुरायचे, पण तोंडातून कधी हूं की चूं नाही.

यंदा पावसाआधी थोरले दीर पनवेलहून आले. त्यांच्याकडे दोन बेडरूमचा फ्लॅट. ते आले तेव्हा मी नेमकी फळी डोक्यावर घेऊन उभी होते आणि बाबा गज धरून. दीर बघतच राहिले. मग म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाला गोणींवर निजवता? आणि चमचाभर साखरेसाठी उठवता? मी पुढच्या रविवारी येतो. बाबांना घेऊन जातो. तिथे तरी सुखाने झोपतील."

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला सुटल्यासारखं झालं. एक माणूस कमी, एक पथ्य कमी, एक धुणं कमी. मग मनात आलं, संध्याकाळी मी चपला काढता काढता "दमलीस व्हय?" असं विचारणारं या घरात तेवढं एकच माणूस आहे. ते गेलं तर मी कुलूप उघडून कोणाकडे येऊ?

आणि राग तर असा आला! दिरांचा आला, त्या फ्लॅटचा आला, त्या गोणींचा आला. म्हटलं, थांबा, दाखवतेच. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि दिवाण रिकामा केला. तांदूळ आणि साखर ताईंकडे नेऊन ठेवली, तेल ओट्याखाली कोंबलं, साबण मोरीच्या वरच्या फळीवर. वाण्याकडून पाव किलो साखर आणली. जास्त पैसे गेले, जाऊ देत. बाबांना म्हटलं, "बाबा, आता झोपा निवांत. तुम्हाला कोणी उठवणार नाही."

ते बसले. तळहाताने फळी थापटली. आवाज पोकळ आला. परत थापटली. मग भिंतीकडे तोंड करून पडले.

दोन दिवस ते धड जेवले नाहीत. गुरुवारी मी घरी आले तर दारातच त्यांची कापडी पिशवी भरलेली. दोन धोतरं, औषधं, चष्म्याचं घर. मी चपलाही काढल्या नव्हत्या. आणि त्या दिवशी "दमलीस व्हय?" नव्हतं.

"हे काय बाबा? रविवारला अजून वेळ आहे. आणि तुम्हाला जायचंय का मुळात?"

"मना कोण इचारतंय?" ते म्हणाले. "खालचा माल काढलास. राखण करायला काय ठेवलंस? कामावरनं काढलंस व्हय मना?"

मला वाटत होतं मी त्यांना आराम देतेय. माझी अक्कल! या घरात त्यांच्या हातात उरलेलं एकच काम होतं, आणि तेच मी ताईंच्या घरी नेऊन ठेवलं होतं.

त्याच संध्याकाळी मी सगळं परत आणलं. तांदळाची गोणी जिन्यावरून ओढत आणताना कमरेत उसण भरली. ताई म्हणाल्या, "अगं, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, "नाहीये, पण गोणी धरा." बाबा गज धरून उभे राहून सांगत होते, काय कुठे ठेवायचं ते. रात्री ते दोन भाकऱ्या जेवले. पिशवी मात्र दारातच होती. ती मी हलवली नाही. जायचं की राहायचं ते त्यांनी ठरवायचं होतं.

रविवारी दीर गाडी घेऊन आले. दिवाणाच्या कडेला बसले. "बाबा, निघू या. आधी चहा घेऊ." मी आत जाऊन डबा उघडला तर साखर खडखडाट. आता काय करावं? माणूस जे बघून चिडलं होतं तेच परत त्याच्या डोळ्यांसमोर करायचं? मी बिनसाखरेचाच चहा ठेवणार होते. पण मी डबा हातात घेऊन दारात आले आणि बाबांनी डबा बघितला. ते गजाला धरून हळूहळू उठले, गुडघे वाजले.

दीर मला म्हणाले, "बघितलंस? बघितलंस?"

"तू आधी बाजूला हो," बाबा त्यांना म्हणाले. "घराची आगोट हाय खाली. ती टाकून मी कुठं येऊ?"

दीर उठून उभे राहिले. मी गादी गुंडाळली, फळी डोक्यावर घेतली आणि वाकले. साखर सगळ्यात खाली होती.

"उजव्या अंगाला," बाबा म्हणाले. "दमलीस व्हय?"