पान एकशे बाराचा समास

उल्काताई टेंबे पुस्तकं पुसायच्या. म्हणजे धूळ नव्हे. धूळ पुसायला आमच्याकडे हिरा होती. उल्काताई वाचकांनी लिहिलेलं पुसायच्या.

कर्वेनगरातल्या आमच्या वाचनालयात त्यांची सव्वीस वर्षं गेली. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर नऊ वर्षं बसले. पुस्तक परत आलं की त्या ते आधी आडवं धरून झटकायच्या, मग पानन् पान उलटून पेन्सिलीचे शेरे खोडरबराने घालवायच्या. भिंतीवरची पाटीही त्यांच्याच हातची होती: ‘पुस्तकात शेरे मारू नयेत. फारच मतं असल्यास स्वतःचं पुस्तक लिहावं.’ तरी लोक लिहायचेच. पुण्यात माणूस पुस्तक वाचतो तो निम्मा त्यातल्या चुका काढायला.

ताईंचा एक नियम होता. शेरा वाचायचा नाही, नुसता पुसायचा. ‘‘लेखकाचं मत पुस्तकात राहील, वाचकाचं मत वाचकाच्या घरी,’’ त्या म्हणायच्या. मला तो नियम फार भारदस्त वाटायचा. आता त्याची आठवण झाली तरी तोंड कडू होतं.

हिंजवडीच्या कंपन्यांच्या बस वारज्याच्या चौकातून भरभरून जायला लागल्या, त्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. वारज्याला रोज नवी इमारत उभी राहत होती आणि अमरावती, यवतमाळ, वर्ध्याकडून आलेली जोडपी तिथे राहायला येत होती. मुली शिकलेल्या, दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या. आई दूर, माहेरचं माणूस जवळ नाही. दिवस गेले की त्या आमच्याकडे यायच्या आणि एकच पुस्तक मागायच्या: ‘मातृत्वाचा राजमार्ग’. लेखक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. डॉक्टर नाहीत, वैद्य नाहीत. मात्र मागच्या कव्हरावर शालीतला फोटो आणि खाली ‘अनुभवसंपन्न मार्गदर्शक’. बाळंतपणाचा अनुभव या माणसाला कुठून आला, हे मी कव्हर पाहून दर वेळी स्वतःला विचारायची.

त्या पुस्तकाइतकं घाणेरडं पुस्तक मी हाताळलेलं नाही. मजकूर सोडाच, नुसतं हाताळायलाच किळस यायची. पानांना हळदीचे, तुपाचे डाग. थुंकी लावून उलटलेले कोपरे काळे पडलेले. आणि सगळ्यांत मळलेलं प्रकरण कुठलं, तर ‘इच्छित संतती’. ‘मुलगा’ हा शब्द कायद्याच्या भीतीने लेखकाने एकदाही लिहिला नव्हता, पण काय म्हणायचंय ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्या प्रकरणातल्या ओळींखाली लाल, निळ्या, हिरव्या रेघा होत्या. एम. एस्सी. झालेल्या बायकांच्या घरी जाऊन आलेलं पुस्तक होतं ते.

पुस्तकाबद्दल मतं तर विचारू नका. बॉलपेनने लिहिलेल्या शेऱ्यांचं ताईंना काही करता यायचं नाही, त्यामुळे ते राहिले होते. ‘पपई वर्ज्य’ याच्यापुढे कुणी लिहिलं होतं, ‘मी दोन्ही वेळेस खाल्ली, काहीही झालं नाही.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘झालं नाही असं तुम्हाला वाटतं. तुमची मुलं पाहिली आहेत.’ त्याखाली तिसरीने, ‘या पानावर भांडू नये, इतरांना वाचायचं आहे.’ ‘पतीने सायंकाळी पत्नीस मधुर संगीत ऐकवावे’ याच्यापुढे, ‘आधी सायंकाळी घरी यावे.’ एका सासूबाईंनी शेवटच्या पानावर सही करून दाखला दिला होता: ‘अप्रतिम. प्रत्येक सुनेने पाठ करावे.’ आणि तिच्या सुनेनेच असावं, खाली बारीक अक्षरात, ‘केले. उपयोग नाही.’

मी दुपारच्या निवांत वेळी ते काढून हसत बसायची. पपईचं पान मला तोंडपाठ होतं. नऊ महिन्यांच्या पोटाने बायका हे पुस्तक भरवशाने घरी नेत होत्या, आणि मी करमणूक करून घेत होते.

अपेक्षा ढोक त्यातलीच एक. यवतमाळची. हसरी मुलगी, बोलताना दर दोन वाक्यांनी ‘ॲक्चुअली’ म्हणणारी. नवरा तिच्याच कंपनीत, पण त्याला तेव्हा बाहेरदेशी पाठवलेलं. मदतीला सासू आली होती, मुक्ताई. पुस्तक अपेक्षाच्या नावावर होतं, पण ते वाचायची मुक्ताई. चष्मा लावून, सकाळी एक पान, संध्याकाळी एक पान. त्यात लिहिलेलं सुनेला करायला लागायचं. तीन वेळा मुदत वाढवून झाली होती. रांगेत अकरा जणी होत्या.

आठवा महिना लागला होता तेव्हा एका गुरुवारी दोघी चौथ्यांदा मुदत वाढवायला आल्या. अपेक्षाला मी आधी ओळखलंच नाही. तिचा चेहरा इतका सुजला होता की डोळे बारीक झाले होते. पायांत नवऱ्याच्या रबरी सपाता होत्या, कारण तिच्या चपला चढत नव्हत्या. खुर्चीवर बसून तिने कपाळ दाबून धरलं.

‘‘डोकं दुखतंय?’’ ताईंनी विचारलं.

‘‘ॲक्चुअली चार दिवस झाले. स्क्रीनमुळे असेल. सोमवारी रिलीज आहे ना आमचं. मध्येच डोळ्यांसमोर चमकल्यासारखं होतं.’’

‘‘डॉक्टरांना दाखवलंत?’’

‘‘पुढच्या शनिवारची तारीख आहे. आई म्हणतात, तोवर थांबू.’’

‘‘थांबू नका,’’ ताई म्हणाल्या. ‘‘आत्ता जा. ही सूज बरी दिसत नाही मला.’’

मुक्ताईने पिशवीतून पुस्तक काढलं आणि टेबलावर उघडून ठेवलं. ‘‘पुस्तकात तं साफ लिहून हाय नं, बाई. तुमच्याच इथलं पुस्तक हाय. काऊन घाबरवता पोरीले?’’

पान एकशे बारा. मी पहिल्यांदाच वाचलं. ‘आठव्या मासात मुखावर व हातापायांवर सूज येणे, मस्तक जड होणे, नेत्रांपुढे तेज दिसणे ही बाळ तेजस्वी असल्याची शुभलक्षणे होत. घाबरून वैद्यांकडे धावू नये. तुपाचे प्रमाण दुप्पट करावे.’

बँकेतल्या त्या गृहस्थाने हे कुठल्या अनुभवातून लिहिलं होतं, देव जाणे. प्रकाशकाने छापलं, आम्ही कव्हर घालून नंबर टाकला, शिक्का मारला आणि मुलींच्या हातात दिलं.

‘‘पुस्तक चुकीचं आहे,’’ ताई म्हणाल्या.

‘‘तुम्ही डॉक्टर हाय का?’’ मुक्ताईने विचारलं. प्रश्न वाजवीच होता. ‘‘मंग? छापलेलं खोटं अन् तुमचं खरं? इतक्या बायांनी नेलं पुस्तक. कोणी काई म्हटलं का याले?’’

ताई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. त्यांची नजर पानाच्या डाव्या समासावर होती. समास कोरा होता. पण त्या जागी कागद पातळ झाला होता, त्याच्यावर लव आली होती. खोडरबर एकाच जागी पुन्हा पुन्हा घासलं की कागद असा होतो. बाकी पुस्तकात तसं कुठेच नव्हतं. आपल्या हाताचं काम ताईंना ओळखू आलं.

त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली. टोक न टेकवता शिसाची कड त्या कोऱ्या समासावर अलगद फिरवू लागल्या. मी नऊ वर्षांत त्यांना पुस्तकावर पेन्सिल टेकवताना पाहिलं नव्हतं. समास करडा होत गेला आणि करड्यातून पांढऱ्या रेषा वर आल्या. कुणीतरी फार दाबून लिहिलं होतं. अक्षरावर अक्षर चढलं होतं, एका ओळीवर दुसरी ओळ, म्हणून चटकन लागेना. मग कळलं की मजकूर एकच होता. तोच मजकूर, त्याच अक्षरात, त्याच जागी चार वेळा लिहिलेला.

‘हे खरं नाही. माझ्या सुनेला असंच झालं. आम्ही हे वाचून थांबलो. ती गेली. बाळ पण. बायांनो थांबू नका.’

अपेक्षाने ते मोठ्याने वाचलं.

‘‘हे आधी नव्हतं इथं,’’ मुक्ताई म्हणाली.

‘‘होतं,’’ ताई म्हणाल्या. ‘‘मी पुसलं.’’

मी रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली. ताई त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेल्या. वाचनालय चालू असताना त्या उठून गेल्याचं सव्वीस वर्षांत ते एकदाच.

अपेक्षाचा रक्तदाब इतका चढला होता की डॉक्टरांनी मशीन बदलून दोनदा मोजला. त्याच संध्याकाळी पोट उघडून बाळ काढलं. मुलगी, दीड किलोची. अठरा दिवस काचेच्या पेटीत होती. दोघी वाचल्या. रात्र काढली असती तर एकही वाचली नसती, असं डॉक्टरांनी मुक्ताईला तोंडावर सांगितलं.

आणि महिन्याभराने मुक्ताई पुस्तक परत करायला आली तेव्हा काय म्हणाली? पुस्तक टेबलावर आपटून म्हणाली, ‘‘खोटारडं हाय हे.’’ मला बरं वाटलं. मग तिने ‘इच्छित संतती’चं प्रकरण काढून दाखवलं. ‘‘यातलं सगळं केलं. पोरगीच झाली.’’

मी तिच्या हातून पुस्तक घेतलं नाही. मला त्या बाईकडे बघवत नव्हतं. ताईंनी घेतलं.

आमचे कार्यवाह रंगनाथ आगटे यांच्यापुढे ताईंनी लेखी अर्ज ठेवला: हे पुस्तक काढून टाकावं. आगट्यांनी चष्मा वर सारला. ‘‘टेंबेबाई, मागणी बघा. अकरा जणी वाट बघतायत. मी तर म्हणतो आणखी दोन प्रती घेऊ. एकीला आवडतं, एकीला आवडत नाही. मतमतांतरं असायचीच.’’ आणि एकशे बारावं पान बघून म्हणाले, ‘‘पुस्तक तेवढं खराब केलंत तुम्ही. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.’’

त्यांच्या हातात प्रकाशकाचं कार्डही होतं. ताईंनी त्यालाही लिहिलं होतं. त्याने उत्तरात आभार मानले होते आणि सुधारित आवृत्तीची जाहिरात पाठवली होती. सुधारणा काय, तर कव्हर रंगीत.

ताई बाहेर आल्या. त्यांनी पुस्तक घेतलं, हिराकडून मोठी कात्री मागितली आणि मधोमध कापलं, मग पुन्हा कापलं. खोडरबर जपून वापरणारी बाई कापत होती आणि तुकडे टोपलीत पडत होते. आगटे दारात उभे होते. त्यांची पुढे यायची छाती झाली नाही.

कापण्याआधी त्यांनी मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी तेवढी सोडवून घेतली होती. तिच्यावर एक सभासद क्रमांक पाच वेळा होता. पहिल्यांदा पूर्ण महिना. मग वर्षभराने एक दिवस. मग दर तीन-चार महिन्यांनी एकेक दिवस. सकाळी न्यायचं, दुसऱ्या दिवशी परत. सभासदांच्या वहीत त्या क्रमांकापुढे नाव होतं, कांताबाई लोखंडे. पत्ता आधी वारज्याचा होता, पुढे खोडून खडकीचा केलेला.

रविवारी आम्ही दोघी गेलो. कांताबाईंचा मुलगा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होता. बायको गेल्यावर वारज्याची खोली सोडून मायलेक तिथल्या क्वार्टरमध्ये राहायला गेले होते. तिथून आमच्याकडे यायला दोन बस बदलाव्या लागतात. ही बाई त्या पुस्तकासाठी येत होती, समासात चार ओळी लिहायच्या आणि पुन्हा दोन बस करून ते नेऊन द्यायचं म्हणून. आमच्यापैकी कुणी तिच्याकडे मान वर करून पाहिल्याचं मला आठवत नाही.

कांताबाई सातवी शिकलेल्या. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, स्वतः खाली बसल्या. ताईंनी अपेक्षाचं सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. ‘‘पोरगी बरी हाय न्हवं आता?’’ त्यांनी दोनदा विचारलं.

‘‘तुम्ही पेनाने का लिहिलं नाहीत?’’ मी विचारलं. माझा आवाज चढला होता, तो त्यांच्यावर नव्हे. ‘‘पपईवाल्या बायका पेनाने लिहितात. त्यांचं राहिलंय.’’

‘‘पाटी लावलीय की तुमच्याकडं. पुस्तक दुसऱ्याचं. पेनानं कसं लिवायचं? पेन्शीलनं लिवलं तरी जीव धाकधूक करायचा.’’

ताईंनी मान खाली घातली होती. ‘‘कांताबाई, ते खोडत होते ते मी. चारही वेळा.’’

कांताबाई म्हणाल्या, ‘‘ठाव होतं मला, कुणीतरी खोडतंय. पुढच्या खेपेला उघडलं की कोरं असायचं. पर मी म्हनायची, असू दे. खोडायच्या आधी येक मानूस तरी वाचत आसंल ना.’’

उल्काताईंना हो म्हणता आलं असतं. समोरच्या बाईला तेवढंच हवं होतं, आणि ते खोटं पकडणारं तिथे कुणी नव्हतं; मीही बोलले नसते.

‘‘नाही,’’ उल्काताई म्हणाल्या. ‘‘मी वाचत नव्हते.’’