राखेतली गाठोडी

एकोणीसशे चाळीसच्या आसपास मी शहापूरकडच्या एका शाळेत सातवीला मराठी शिकवत होतो आणि वर्गाकडून एक जुनी, नावाजलेली कादंबरी वाचून घेत होतो. हेडमास्तरांचं ठाम मत होतं की कादंबरीनं पोरं बिघडतात. माझा स्वभाव तापट. मी म्हणालो, "तपासणीला डेप्युटी साहेब येतील, त्यांनाच ठरवू द्या." ते म्हणाले, "बरं. त्यांनी नाक मुरडलं की पुस्तक कपाटात, आणि तुम्ही व्याकरणावर."

माझी रीत साधी होती. फळ्यावर एक शब्द लिहायचा आणि विचारायचं, मनात काय येतं? 'विहीर' म्हटलं की कुणाला गारवा वाटे, कुणाला भीती. मग लेखकाला त्यातलं काय हवंय, ते पुस्तकात बोट ठेवून दाखवायचं. नुसत्या गप्पांना गावात चावडी होतीच.

साहेब आले आणि त्यांनी नेमकं शेवटचं पान उघडलं. ते वर्गात अजून झालंच नव्हतं! नायिकेचं घर जळालेलं, ती राखेत उभी, आणि कादंबरी संपते.

"ही राख कशाची खूण?" साहेबांनी विचारलं. सर्वनाशाची, असं मीही शिकलो होतो.

डोळखांबकडच्या पाड्यावरून मामाकडे शिकायला आलेली एक मुलगी उठली. "साहेब, ती आता पेरणार."

साहेब हसले. "घर जळालं आणि पेरणार?"

"आमी राब भाजतो ना. पाला, शेण जाळायचं नि त्या राखेतच भात पेरायचं. राख बघून आमाला रडू नाय येत."

"ते तुमच्याकडे. पुस्तकात कुठंय?"

माझा जीव टांगणीला लागला. तिनं काही पानं मागे उलटली आणि बोट ठेवलं. आग लागल्यावर नायिका दागिन्यांचा डबा तसाच सोडते आणि बियाण्याची गाठोडी उचलते. ते वाक्य मी कितीदा वाचलं होतं, पण तिथं कधी थांबलो नव्हतो.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "हेडमास्तर," ते म्हणाले, "हे पुस्तक दरवर्षी चालू द्या."

मला वर्गातच नाचावंसं वाटलं. मुलगी मात्र उभीच होती. "बस गो," मी म्हणालो.

शाळा सुटल्यावर हेडमास्तर माझ्याजवळ आले. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "ते पुस्तक आज जरा मला द्या."

मी दिलं. म्हणालो, "बोट ठेवून वाचा."