रास्पबेरीची पिलं

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा मोर्चे-आंदोलनांची पत्रकं जास्त होती. बाबा ती लिहायचे, मी घड्या घालायचे. त्यांनी मला शिकवलेला पहिला धडा असा की काही बिघडलं तर आधी विचारायचं, यात फायदा कोणाचा?

म्हणून पिंप्राळ्यातल्या आमच्या घरामागे रास्पबेरीचे कोवळे कोंब सारखे कापलेले दिसू लागले, तेव्हा माझा संशय बाबांवरच गेला. त्यांना त्या जागेत फरशी घालून स्कूटर लावायची होती. आईने तिथं आधी लावलेलं सगळं उन्हात जळालं होतं. रोपवाल्याने गरम हवेतली जात म्हणून दिलेली ही काटेरी काठी तिने न्हाणीच्या सावलीत लावली, आणि घरात ठरलं, हिला फळ आलं नाही तर फरशी.

काठी जगली. भोवती मातीतून कोंब यायचे आणि वीतभर झाले की गायब. कापही साफ, उंदराचा नव्हे. जेवताना मी बाबांना आडून विचारलं. ते म्हणाले, "माझ्याविरुद्ध पत्रक काढ. मजकूर मी तपासून देतो." निर्दोष माणूस इतका शांत असतो?

एका सकाळी मागे विळ्याचा आवाज आला. जाऊन बघते तर आई.

ती रावेरकडची, केळीच्या बागेत वाढलेली. बुंध्याशी येणारी पिलं कापत राहिलं की घड भरतो, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. मी सांगितलं, रास्पबेरीचं पुढचं फळ या पिलांनाच येतं, जुनी काठी वाळून जाते. मोबाइलवर दाखवलंही. तिने व्हिडिओतल्या माणसाची लोकरीची टोपी निरखली.

"याच्या गावाला मे महिना येतो का?"

"आई, सगळी कापलीस तर फरशी येईल."

ती थांबली. "केळीलाही शेवटी एक पील राखतात," म्हणाली. एक तिने राखलं. दुसऱ्यापुढे मी हात आडवा धरला, म्हणून तेही वाचलं.

उन्हाळ्यात जुनी काठी वाळली. पिलं वाढली, आणि थंडीत त्यांना फळं धरली, आधी लाल, मग जांभळी-काळी. रास्पबेरी अशी काळी पडते? रोपवाल्याचाही मला संशय आला.

बाबांनी हात पुढे केला तशी आईने फळांची वाटी मागे घेतली.

"आधी फरशीचं बोला."

"नाही घालत."

"हिच्यासमोर बोला."

ते माझ्याकडे बघून पुन्हा बोलले, तेव्हा वाटी पुढे आली. आंबट आहेत म्हणत त्यांनी बरीच खाल्ली. फरशीवाल्याचा नंबर मात्र त्यांच्या मोबाइलमध्ये अजून आहे. मी बघितलाय.