मागून मारलेली हाक

जुन्या इंग्रज लेखकांची राजचिन्हांवरची आणि शकुनांवरची पुस्तकं मी वाचते. त्यांतल्या एका राजाचं निशाण वाऱ्यानं आडवं झालं होतं. पुढे राजा मारला गेला आणि या लेखकांनी लिहून टाकलं, देवानं तेव्हाच सांगितलं होतं. निशाण पडलं त्या संध्याकाळी मात्र सगळे निवांत जेवले असतील.

बाबा अपघातात गेले, तेव्हा आत्या आईला म्हणाली, "निघताना मागून हाक मारलीस ना वहिनी, तेव्हाच माझ्या काळजात चर्र झालं."

राहिलेला डबा द्यायला आईनं हाक मारली होती.

आज घरासमोरच्या बसस्टॉपवरून सहज वर पाहिलं. आई गॅलरीत उभी होती, माझा विसरलेला वाचायचा चष्मा हातात धरून, ओठ घट्ट मिटून.